नातं 'फिक्स' झालं की एचआयव्हीचा धोका कुठे जातो?

मोजपट्टी (धागालेखक)

"हुकअप बंद केलेत, आता एकच बीएफ (बॉयफ्रेंड) आहे, मग टेस्ट कशाला?" हा प्रश्न इथे इतक्या धाग्यांत विखुरलाय की एकदाच सविस्तर लिहिलेलं बरं. अठरा वर्षांवरच्या गे आणि बाय तरुणांसाठी आहे. शब्द सरळ वापरलेत.

आधी दोन आकडे. २००३ साली अ‍ॅमस्टरडॅममधल्या समलिंगी पुरुषांबद्दल एक गणिती अभ्यास छापून आला. त्यात नव्या लागणींपैकी ८६ टक्के स्थिर जोडीदाराकडून होतात असं निघालं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या पाच शहरांचा असाच हिशोब झाला, तो ६८ टक्क्यांवर आला. दोन्ही प्रेप (लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध) यायच्या आधीचे, त्यामुळे टक्केवारी आज जशीच्या तशी लागू करू नका. कारणं मात्र अजून तीच आहेत: फिक्स पार्टनरबरोबर संबंध जास्त वेळा होतात, त्यात बॉटम (गुदसंभोगात आत घेणारा) होणं जास्त असतं, आणि कंडोम लवकर सुटतो.

गणित करून बघा. समोरच्याला एचआयव्ही आहे, उपचार चालू नाहीत, कंडोम नाही, प्रेप नाही असं धरू. एका वेळच्या गुदसंभोगात बॉटमला लागण होण्याची सरासरी शक्यता १०,००० मध्ये १३८, टॉपला (आत घालणाऱ्याला) १०,००० मध्ये ११. एका रात्रीचा हुकअप असेल तर बॉटमसाठी हे दीड टक्क्याच्याही आत राहतं. तोच माणूस बीएफ झाला आणि आठवड्यातून दोनदा असं सहा महिने चाललं, तर साधारण ५० वेळा होतात. ५० वेळांची एकत्रित शक्यता निघते जवळजवळ निम्मी. टॉपसाठी तीच ५ टक्क्यांच्या आसपास. "मी टॉप आहे, मला काय होतंय" म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही वाचावा. कमी आहे, शून्य नाही.

आणि ही सरासरी आहे. जोडीदाराला लागण नुकतीच झाली असेल तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू प्रचंड असतो, तेव्हा शक्यता याहून बरीच वर जाते. नवं नातं जुळतं तेव्हा दोघांचीही मागची भेट फार जुनी नसते. म्हणजे कंडोम सुटण्याचा काळ आणि टेस्टमध्ये अजून काही न दिसण्याचा काळ नेमके एकावर एक येतात. माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे.

शिकागोतल्या तरुणांवरच्या २०११ च्या अभ्यासात नातं 'सीरियस' मानणाऱ्यांमध्ये कंडोमशिवाय संबंधांचं प्रमाण जवळपास आठपट निघालं. सीरियस व्हायला किती दिवस लागतात? कधी कधी तीन भेटी पुरतात.

दुर्बीण

आकडे बरोबर, पण लोक यातून "मग हुकअपच सेफ" असा अर्थ काढतील. बीएफकडून लागण होते म्हणजे ती बीएफपर्यंत कुठून तरी आलेली असते. बाहेरचे जोडीदार जितके जास्त, तितकी लागण झालेल्या कुणाशी तरी गाठ पडण्याची शक्यता जास्त. हुकअपमध्ये प्रत्येक माणूस नवा, फिक्स नात्यात माणूस तोच पण वेळा जास्त. दोन्ही बाजू एकत्र धरल्या तर सगळ्यात वाईट मिश्रण दिसतं: घरी कंडोम नाही, बाहेर अधूनमधून, आणि दोघंही गप्प.

अजून एक प्रकार यादीत घाला, लागोपाठची नाती. एका वेळी एकच, प्रामाणिकपणे, पण वर्षात तीन. मधलं अंतर दोन-तीन आठवडे. असा मुलगा स्वतःला मोनोगॅमस समजतो आणि त्यात खोटं काही नाही. पण प्रत्येक वेळी कंडोम महिन्याभरात सुटत असेल तर मागच्या नात्यातलं जे काही असेल ते टेस्टमध्ये दिसायच्या आत पुढच्या नात्यात जातं.

मोजपट्टी

हुकअप सेफ असं कुणी वाचू नये, बरोबर. नात्याचं नाव बघून काळजी कमी-जास्त करू नका, एवढाच मुद्दा.

सांजपक्षी

टेस्टचं कॅलेंडर कुणीतरी नीट लिहा. 'तीन महिने थांबा' आणि 'चार आठवडे पुरे' दोन्ही ऐकू येतं.

पारिजात_लॅब

टेस्ट वेगवेगळ्या असतात म्हणून वेगवेगळं ऐकू येतं, पण चार आठवडे खात्रीला पुरत नाहीत.

विषाणूचा अंश शोधणारी न्यूक्लिक अ‍ॅसिड टेस्ट संपर्कानंतर १० ते ३३ दिवसांत पकडते. हातातल्या शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट, जिला फोर्थ जनरेशन म्हणतात, १८ ते ४५ दिवसांत. बोटाला टोचून किंवा तोंडातल्या द्रवावर होणारी, फक्त अँटिबॉडी बघणारी रॅपिड टेस्ट २३ ते ९० दिवसांत. बोटाला टोचून केलेल्या फोर्थ जनरेशन रॅपिडलाही ९० दिवस धरा, कारण थेंबभर रक्तात ती लॅबइतकी तेज नसते.

नव्या जोडीसाठी क्रम असा:

१. दोघांपैकी ज्याचा शेवटचा बाहेरचा संबंध अलीकडचा, त्याची तारीख म्हणजे दिवस शून्य. दोघांसाठी एकच.

२. त्या दिवसापासून दोघांनीही बाहेर काही नाही, आपसात प्रत्येक वेळी कंडोम. ही पायरी जो गाळतो त्याच्या बाबतीत पुढचं मोजणं निरर्थक, कारण तेवढ्यात एकाचं दुसऱ्याला गेलं तर घड्याळ परत शून्यावर येतं आणि ते कुणाला कळतही नाही.

३. ४५ दिवस पूर्ण झाल्यावर दोघांची लॅबमधली फोर्थ जनरेशन टेस्ट. फक्त रॅपिड मिळत असेल तर ९० दिवसांनी. पहिल्याच दिवशी एक टेस्ट करून ठेवली तर उत्तम, जुनी लागण असेल तर ती तेव्हाच दिसते.

४. त्याच फेरीत सिफिलिससाठी रक्त, आणि परमा व क्लॅमिडियासाठी तीन ठिकाणचे नमुने: लघवी, घसा, गुदद्वार. नुसती लघवी देऊन आलात तर गुदद्वारातलं निसटतं, तिथे बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं. आणि तिथला संसर्ग एचआयव्हीला वाट सोपी करतो. हेपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर तीही याच वेळी सुरू करा.

५. दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून मगच कंडोमचा निर्णय.

रिपोर्ट वाचताना 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' (लागण दिसली नाही) एवढंच बघू नका. नमुना घेतल्याची तारीख आणि टेस्टचा प्रकार बघा. फेब्रुवारीच्या मध्यातला रिपोर्ट फेब्रुवारीतलीही गोष्ट सांगत नाही. लॅबचा असेल तर तो डिसेंबरच्या अखेरपर्यंतचं खात्रीने सांगतो, त्यापुढचं नाही.

मधल्या काळात ताप, घसा धरणं, अंगावर पुरळ, मानेत-काखेत गाठी असं काही झालं तर वाट बघत बसू नका. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांत हे येतं आणि फ्लू म्हणून सोडून दिलं जातं. डॉक्टरांना संपर्काबद्दल स्पष्ट सांगून न्यूक्लिक अ‍ॅसिड टेस्ट मागा. प्रेप घेत असाल तर तेही सांगा. प्रेपवर असताना लागण झाली तर टेस्टमध्ये दिसायला उशीर होऊ शकतो.

दुर्बीण

जोडलेली माहिती: दिवस शून्यापासूनची ही पद्धत नवी नाही. सिडनीतल्या संशोधकांनी १९९३ मध्ये तिला नाव देऊन मांडणी केली होती. त्यात टेस्टइतकंच वजन बाहेरच्या संबंधांबद्दल दोघांत ठरलेल्या कराराला होतं, आणि लोक नेमका तोच भाग विसरतात.

रेघोट्या

कराराबद्दल. ओपन रिलेशनशिपवाले निदान बोलतात तरी. 'आम्ही एकनिष्ठ' म्हणणाऱ्यांमध्ये बऱ्याचदा एकाने गृहीत धरलेलं असतं आणि दुसऱ्याला कुणी विचारलेलंच नसतं. ओपन आहे म्हणून धोक्याचं आणि बंद आहे म्हणून निर्धोक, ही मांडणी मला कधीच पटली नाही.

ठरवायच्या गोष्टी, मोघम नकोत:

बाहेर काय चालेल? "सेफ राहा" हे वाक्य निरुपयोगी आहे. मुखमैथुन चालेल का, गुदसंभोग कंडोमने चालेल का, घरी आणलं तर चालेल का, एकाच माणसाला परत परत भेटलं तर चालेल का, हे वेगळं वेगळं बोला. शेवटचा प्रश्न भावनेचा वाटतो, पण बाहेरचा नेहमीचा मित्र झाला की तिथलाही कंडोम सुटतो. घरात घडतं तेच तिथेही घडतं.

ठरल्यापेक्षा वेगळं घडलं तर किती वेळात सांगायचं? इथे मुदत हवीच. पेपच्या (संपर्क झाल्यावर लागण टाळण्यासाठीच्या) गोळ्या संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस न चुकता. शनिवारी रात्री कंडोम फाटला आणि "योग्य वेळ बघून सांगतो" म्हणत बुधवार उजाडला तर ती वाट बंद झालेली असते. म्हणून २४ तास ठेवा. सांगितल्यावर पहिले २४ तास भांडण नाही, हेही करारातच लिहा. शिक्षा ठरलेली असेल तर कुणी सांगणार नाही.

सांगितल्यावर काय? आपसात कंडोम परत सुरू, आणि दिवस शून्य नव्याने. पेप घेतली असेल तर संपर्कापासून ४ ते ६ आठवड्यांनी एक टेस्ट आणि १२ आठवड्यांनी दुसरी. तोवर कंडोम.

अर्धविराम

मोनोगॅमीच्या कराराला एवढं तपशीलवार कुणी करत नाही हो. रोमान्सच संपेल.

रेघोट्या

एका संध्याकाळचं काम आहे. रोमान्स तेवढ्याने संपत असेल तर तो तसाही फार टिकला नसता.

कंदील

प्रेप नात्याच्या प्रकाराप्रमाणे कशी घ्यायची, यावर गोंधळ दिसतो म्हणून लिहितो. टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम अधिक एम्ट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम, या गोळीबद्दल बोलतोय.

भेटी वारंवार आणि अवचित होत असतील, किंवा फिक्स पार्टनरची टेस्ट अजून झालेली नसेल, तर रोजची गोळी. बॉटमसाठी रोज घेतल्यास साधारण ७ दिवसांत पूर्ण संरक्षण धरतात.

भेटी महिन्यातून एखाद-दोन आणि आधी ठरवून असतील तर २-१-१. २०१५ मध्ये छापून आलेल्या इपरगे चाचणीत या पद्धतीने लागण ८६ टक्क्यांनी कमी झाली होती. संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या एकदम, पहिल्या डोसपासून २४ तासांनी एक, ४८ तासांनी एक. उदाहरण: भेट शनिवारी रात्री १० ला. दोन गोळ्या संध्याकाळी ६ ला घेतल्या, तर रविवारी ६ ला एक, सोमवारी ६ ला एक. रविवारी रात्री परत संबंध झाला तर सोमवारी थांबायचं नाही, मंगळवारी ६ चीही घ्यायची. शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस रोज एक, हा नियम लक्षात ठेवा.

चुकतं कुठे? पहिल्या दोन गोळ्या सगळे उत्साहाने घेतात, नंतरच्या दोन राहतात. तशी चूक होऊन संपर्क झाला असेल तर ७२ तासांच्या आत पेपसाठी जा, "थोडं तरी संरक्षण असेल" यावर भिस्त ठेवू नका. दुसरी चूक म्हणजे टेनोफोविर अ‍ॅलाफेनामाइडची गोळी २-१-१ साठी वापरणं. तिच्यासाठी ही पद्धत नाही, डबीवरचं नाव नीट वाचा. तिसरी, मित्राच्या डबीतून गोळ्या घेऊन सुरुवात करणं. आधी एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह हवी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन बघायला हवं, हेपॅटायटिस बी बघायला हवा. हेपॅटायटिस बी असताना ही औषधं डॉक्टरांना न विचारता सोडली तर यकृताचा आजार उसळू शकतो. सुरू झाल्यावर दर तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि बाकी लैंगिक आजारांच्या तपासण्या.

इंजेक्शनंही आहेत: कॅबोटेग्राविर सुरुवातीच्या दोन डोसांनंतर दर दोन महिन्यांनी, लेनाकापाविर वर्षातून दोनदा. गोळी घरात ठेवता येत नाही अशांना ती सोयीची.

आणि "प्रेपवर आहे" हे अ‍ॅपवरच्या प्रोफाइलमध्ये वाचलं तर विचारा, शेवटची गोळी कधी घेतलीस? उत्तर द्यायला वेळ लागला तर ते उत्तरच समजा.

सांजपक्षी

प्रेप असेल तर वरचा ४५ दिवसांचा खटाटोप कशाला मग?

कंदील

सिफिलिस, परमा, क्लॅमिडिया यांच्यावर प्रेपचा काही उपयोग नाही. शिवाय कधी तरी प्रेप थांबवावी वाटेलच, तेव्हा जोडीदाराची खरी स्थिती माहीत असावी. दोघं रोज नियमित घेत असतील तर एचआयव्हीपुरतं तुमचं म्हणणं मान्य.

ओसरी

बाय मुलांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून. एखाद्याला गर्लफ्रेंड किंवा बायको आहे आणि पुरुषांशीही संबंध आहेत, अशा वेळी धोक्याची बाजू सहसा पुरुषांबरोबरच्या कंडोमशिवाय गुदसंभोगाची असते. योनिसंभोगात बाईला एका वेळची सरासरी शक्यता १०,००० मध्ये ८ आहे, गुदसंभोगातल्या बॉटमपेक्षा बरीच कमी. पण तिला धोक्याची कल्पनाच नसते, म्हणून ती टेस्ट करत नाही, आणि लागण झाली तर कळायला वर्षं जातात. गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात नवी लागण झाली तर बाळाला जाण्याचा धोका खूप वाढतो. मूल हवं म्हणून कंडोम सोडायचं ठरत असेल तर वरची पाचही पावलं त्याआधी.

२-१-१ पुरुषाच्या स्वतःच्या संरक्षणासाठी आहे. तिला प्रेप घ्यायची असेल तर रोजचीच, आणि योनीच्या बाबतीत पूर्ण परिणामाला साधारण २१ दिवस धरतात.

"कुटुंबनियोजनासाठी" म्हणून कंडोम चालू ठेवणारे अनेक असतात. न ठेवण्यापेक्षा लाखपटीने बरं. पण फाटला तर पेपबद्दल तिला काय सांगणार, हे आधी ठरवून ठेवा.

दुर्बीण

वयाने मोठ्या जोडीदाराबद्दल. मोठ्या वयोगटात एचआयव्हीचं एकूण प्रमाण जास्त असतं, म्हणून धोका वाढतो हे खरं. पण उपचारावर असलेला पस्तिशीचा माणूस कधीच टेस्ट न केलेल्या बावीस वर्षांच्या मुलापेक्षा सुरक्षित असू शकतो. जास्त काळजीची गोष्ट वेगळी: भाडं तो देतो, खोली त्याची, मग कंडोमचं कोण ठरवणार? शिकागोच्या त्याच अभ्यासात मोठा जोडीदार, मारहाण, जबरदस्ती आणि संबंधाच्या वेळची नशा या सगळ्यांचा कंडोमशिवायच्या संबंधांशी दुवा दिसला होता. अशा ठिकाणी "जोडीदाराशी बोला" हा सल्ला कुचकामी आहे. समोरच्याच्या परवानगीची गरज नसलेलं साधन लागतं, म्हणजे प्रेप, आणि शक्यतो इंजेक्शन.

पारिजात_लॅब

एक जण पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह असलेल्या जोड्यांचं राहिलं. लोक याच नात्याला सर्वात जास्त घाबरतात. पार्टनर-२ हा अभ्यास २०१९ मध्ये आला: ७८२ पुरुष जोड्या, पॉझिटिव्ह जोडीदार एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर), व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) २०० च्या खाली, कंडोमशिवाय ७६,०८८ वेळा संबंध. जोडीदाराकडून लागण: शून्य. त्या काळात १५ निगेटिव्ह पुरुषांना एचआयव्ही झाला, पण विषाणूची जनुकं तपासल्यावर एकाचाही विषाणू घरच्या जोडीदाराशी जुळला नाही. सगळे बाहेरून आले होते. व्हायरल लोड दबायला उपचार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात, तोवर कंडोम किंवा प्रेप. आणि कुणी "अनडिटेक्टेबल" (विषाणू टेस्टमध्ये न दिसण्याइतका कमी) म्हणालं तर शेवटचा रिपोर्ट कधीचा, हेही विचारायचंच.

रेघोट्या

कंडोम फाटण्याची कारणं थोडक्यात, कारण भेट नवी असली की घाई असते. ल्यूब कमी. व्हॅसलीन किंवा तेल लावलं, लॅटेक्स मिनिटांत कमजोर होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं ल्यूब घ्या. टोकाची हवा काढली नाही. दोन कंडोम एकावर एक चढवले, घासून दोन्ही जातात. महिनोन्‌महिने पाकिटात ठेवलेला. तिघं असतील तर माणूस बदलला की कंडोम बदला. आणि आधी साबणाच्या पाण्याने गुदद्वाराच्या आत धुवू नका, आतलं नाजूक अस्तर सोलवटतं. साधं कोमट पाणी, तेही थोडं. शिवाय 'कधी कधी कंडोम' वापरणाऱ्यांना अभ्यासांत फारसा फायदा दिसलेला नाही, नेहमी वापरणाऱ्यांनाच दिसतो.

अर्धविराम

रिपोर्ट मागितला की समोरचा म्हणतो, "तुझा माझ्यावर विश्वास नाही?" यावर काय बोलायचं?

मोजपट्टी

मागू नका, आधी स्वतःचा दाखवा. "हा माझा, सात तारखेचा, लॅबचा. पुढची टेस्ट एकवीसला आहे, तुझीही त्याच वेळेला लावू का?" तारखेचा प्रश्न केला की हो-नाहीऐवजी "एकवीसला जमणार नाही, बावीसला चालेल" असं उत्तर येतं. तरीही टाळलं तर भांडायची गरज नाही: "ठीक, मग तोवर कंडोम." हे वाक्य कपडे उतरण्याआधी बोला, नंतर ते कुणालाच जमत नाही.

अर्धविराम

आणि ब्रेकअप होऊन दोन आठवड्यांत परत एकत्र आले तर? टेस्ट तर आधीच झालेली असते.

मोजपट्टी

ती टेस्ट ब्रेकअपच्या आधीच्या काळाची. मधल्या दोन आठवड्यांत कुणाचंही काही झालं असेल तर दिवस शून्य तिथून. "काही झालं नाही" असं दोघंही म्हणाले तरी अशा वेळी मी ४५ दिवस कंडोमच सांगतो, कारण पॅचअपच्या रात्री खरं सांगायची हिंमत कुणातच नसते. आठवड्याभराने परत विचारा.